मझारलं सांग

फुई,

सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. तुझा फोन येणार नाही हे मला माहीत आहे, तरी मी मोबाइल समोर उताणा ठेवून बसले आहे आणि याचा मला भयंकर राग येतो आहे. आधीच सांगून टाकते, मी तुझ्यावर चिडलेली होते आणि अजूनही चिडलेलीच आहे. तू गेलीस म्हणून भांडण मिटलं असं समजू नकोस. भांडण अर्ध्यावर सोडून उठून जायची तुझी सवय जुनीच, पण या वेळी तू जरा अतिच केलंस.

धानोऱ्याला तुझ्या ओट्यावर रोज कुणी ना कुणी भेटायला येतं. येणारा प्रत्येक जण पप्पांना म्हणतो, तुमच्या बहिणीचा स्वभाव फार गोड होता. गोड! तीस वर्षं मिरची वाळवायच्या पथारीवर बायकांच्या कामावर नजर ठेवणारी तू, एका ओल्या मिरचीसाठी अख्खा ढिगारा परत निवडायला लावणारी तू. कोपऱ्यात बसून ऐकते. मनातल्या मनात मात्र प्रत्येकाचं वाक्य दुरुस्त करत असते.

माझ्या मांडीवर आपली ती दोनशे पानी वही आहे. हो, मी हिसकावून नेली होती तीच.

तुला आठवत असेल, निकाल आला त्या दिवशी मी तुझ्याकडेच होते. नाशिकच्या शाळेत नववीला मी फ्रेंच घेतलं ते मार्क मिळतात म्हणून, आणि पुढे ते सुटलं नाही. आता त्याच शाळेत लहान मुलांना फ्रेंच शिकवायची जागा मिळत होती. अट एकच, पुण्याची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट. लेखी परीक्षेत मी जवळजवळ सगळंच बरोबर लिहिलं. तोंडी परीक्षेत नापास झाले. तुझ्या पाटावर बसून मी मोबाइलवर तो ईमेल तीनदा वाचला आणि मोबाइल खिशात टाकला.

"काय व्हयनं वं?" तू भाकरी थापता थापता विचारलंस.

"काही नाही."

"काही नही म्हने. तोंड तं असं करेल शे जशी काय गिल्ली मिरची खाई लिधी."

मग मी सांगितलं. का सांगितलं देव जाणे. पप्पांना सांगायचं नाही एवढी एकच गोष्ट मी तुझ्याकडून कबूल करून घेतली. पप्पा आल्यागेल्याला सांगत होते, पोरीचा निकाल यायचाय, जूनपासून नाशिकला टीचर. त्यांचा तो आवाज मला बंद पाडायचा नव्हता.

तुला फ्रेंच येत नव्हतं. सातवीपर्यंत शिकलेली तू, चष्मा लावून देवनागरी अक्षरं एकेक करून वाचायचीस. तरी म्हणालीस, "आन ती वही. मी इचारस तुले." मी चिडून म्हटलं, तुला काय कळणार आहे त्यात? तू म्हणालीस, "माले कळाले नको. तू बरोबर सांगस का नही, ते वहीमा देखाले येस ना?" तुझ्यासाठी म्हणून मी सगळी अनियमित क्रियापदं वर्तमानकाळात, देवनागरीत, सहा सहा ओळींत लिहून काढली. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. ज, त्यु, इल, नू, व्हू, आणि परत इल. दोन्ही इल कानाला सारखेच लागतात म्हणून तू त्यांना नावं ठेवलीस. पहिला एकला इल, दुसरा गर्दीवाला इल.

अनियमित म्हणजे काय, असं तू विचारलंस. मी म्हटलं, जी क्रियापदं नियमाने चालत नाहीत ती.

"मंग त्यासले कामवर कसाले ठेवतस? मन्ही पथारीवर कोनी असं करं तं दुसरा दिन येऊ नको म्हनस मी."

"त्यांना काढता येत नाही फुई. रोज तीच लागतात. असणं, जाणं, येणं, करणं."

"हां, मंग बरोबर. ज्या रोज लागतस त्यासनाच नखरा ऱ्हातस." आणि तू माझ्याकडे असं पाहिलंस की रोज लागणाऱ्यांच्या यादीत तू मलाही घातलंस की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पहिला फोन आला. मी 'हॅलो' म्हणायच्या आत तू म्हणालीस, "फेर. गर्दीवाला इल."

फेर म्हणजे करणं. मी सुरुवात केली, "ज फे, त्यु फे..."

"वरलं कोनी इचारं तुले? गर्दीवाला इल इचारा मी."

"अगं, मी त्याच्यापर्यंत येतेच आहे ना."

"तू येवापर्यंत त्या घर चालना जातीन. वरलं नही. मझारलं सांग."

मझारलं म्हणजे आतलं, मधलं. तुझ्या पथारीवर मी लहानपणी पाहिलं होतं ते. नंदुरबारबाहेरच्या त्या मोकळ्या मैदानात लाल मिरच्यांचे पट्टे वाळत पडलेले, बायका देठ खुडून आपापले ढीग लावताहेत, आणि तू फिरते आहेस. तू ढिगाच्या वरच्या मिरच्यांकडे बघतसुद्धा नव्हतीस. सरळ कोपरापर्यंत हात आत घालायचीस आणि एक मिरची बाहेर काढायचीस. "वरली मिरची तं कोनीबी चांगली ठेवस," असं म्हणायचीस.

माझा ढीग वरून उत्तम होता. पहिल्या ओळीपासून सुरुवात करू दिली तर मी एकही क्रियापद चुकत नव्हते. पुण्यात काय झालं ते मी तुला त्या फोनवर पहिल्यांदा नीट सांगितलं. समोरच्या बाई चांगल्या होत्या. निळा कुडता, हसरा चेहरा. त्यांनी विचारलं, तुमच्या गावात हिवाळ्यात लोक काय करतात? फुई, उत्तर मला येत होतं. लोक मिरच्या वाळवतात. उत्तर म्हणजे तुझी पथारीच होती. आणि मी मनात ज फे पासून जिना उतरायला लागले. त्यु फे, इल फे, नू फझों, व्हू फेत. गर्दीवाल्या इलपर्यंत पोचले तोवर बाई हसून म्हणाल्या, असू दे, दुसरा प्रश्न घेऊ. दुसऱ्या प्रश्नाला मी जिना उतरलेच नाही. वरच उभी राहिले.

तुझ्याकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "आले. नू."

हे 'आले' म्हणजे फ्रेंच 'जाणं'. ज व्हे, त्यु व्हा, इल व्हा, नू झालों, व्हू झाले. हे पहिल्यांदा वहीत वाचलंस तेव्हा तू इतकी हसली होतीस की तुला ठसका लागला. "आधी व्हा म्हनतस, मंग झालों म्हनतस! इतला सरळ लोक शेतस तं मंग तू कसाले घाबरस त्यासले?" आणि मग तुझं कायमचं गाऱ्हाणं. "आमनामा देख. मी जास, तू जास, तो जास. एकच शब्दमा तिघं निंघी जातस. तुन्हा फ्रेंचवालासले काही कामधंदा नही का?"

मला हसू येत होतं, पण मी हसले नाही. घरात सगळे अहिराणी बोलतात. मला ती सगळी समजते, आणि मी उत्तर देते ते शाळेतल्या मराठीत. हे तू मला हज्जारदा ऐकवलंस. "मुकी नही वं हाई," तू लोकांना सांगायचीस, "फक्त आमनासंगे बोलाले तिले साहेब लागस."

खूप छळलंस तू मला. जेवताना फोन, बाजारात फोन. एकदा मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते तेव्हा फोन. "व्हनीर. एकला इल." व्हनीर म्हणजे येणं. मी चिडून सांगायचे, तू वहीत पाहायचीस, आणि बरोबर असलं तर नुसतं "हां" करून फोन ठेवायचीस. शाब्बास तर सोडच, कशी आहेस हेसुद्धा नाही. चूक असली की मात्र, "ढिगारा परत." म्हणजे सहाच्या सहा ओळी दहा वेळा. दीड महिना हेच चाललं होतं. आणि कबूल करते, याआधी तुला हे कधी सांगितलं नाही, महिन्याभराने माझा जिना नाहीसा झाला. तू मधलं विचारायचीस आणि मधलंच तोंडातून बाहेर यायचं. पण ते फोनवर, आणि तुझ्यासमोर. समोर माणूस बसलं की मी पुन्हा वरच्या पायरीवर.

मग त्या दिवशी नंदुरबारच्या बाजारात विमलताई भेटल्या. तुझ्या पथारीवर काम करणाऱ्या, मोठ्या कुटुंबाच्या, मोठ्या आवाजाच्या विमलताई. भाजीवाल्यासमोर, सगळ्यांच्या देखत, "का वं, परत कधी शे तुन्ही परीक्षा?"

परत.

मी स्कूटी सरळ पथारीवर नेली. तू पोत्यावर बसली होतीस, चष्मा नाकावर, हातात माझी वही. समोर सहा बायका ओळीने देठ खुडत होत्या, आणि तू त्यांना मोठ्याने काहीतरी वाचून दाखवत होतीस. सगळ्या हसत होत्या. मी पुढे काही पाहिलंच नाही. वही तुझ्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाले, "माझ्या नापास होण्याचा तमाशा तू इथे मजुरांसमोर मांडलास? तुला काही वाटत नाही? तुझ्यावर विश्वास ठेवला ही माझी चूक झाली. यापुढे मला फोन करू नकोस."

एका दमात, एकही शब्द न अडखळता. राग आला की मला असं बोलता येतं, शुद्ध आणि थंड. मजुरांसमोर, असं मी त्यांच्याच तोंडावर म्हणाले. त्या सहा जणींचे हात थांबले.

आणि तू काय केलंस? तू त्यांच्याकडे वळलीस आणि हसत म्हणालीस, "देखा वं! बोलता येस का नही इले?"

फुई, याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. कुणी इतकं चिडलेलं असताना त्याची परीक्षा घ्यायची नसते.

त्यानंतर तू रोज सहाला एक रिंग द्यायचीस आणि कट करायचीस. फोन करू नकोस म्हटलं होतं ना, म्हणून मिस कॉल. तू नियमही पाळायचीस आणि ऐकायचीही नाहीस. सोळा दिवस, सोळा मिस कॉल. मी एकदाही परत फोन केला नाही. सतराव्या दिवशी मिस कॉल आला नाही. खरं सांगू? मला राग आला. जो मी उचलणार नव्हते तो फोन तू केला नाहीस म्हणून मी सबंध संध्याकाळ धुमसत होते. सकाळी पप्पांचा मोबाइल वाजला. धानोऱ्याहून शेजारच्यांचा फोन होता. तू आदल्या दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस, आणि घरात तू एकटीच, कुणाला सकाळपर्यंत कळलं नाही. सहा वाजता मी धुमसत होते तेव्हा तू नव्हतीसच. म्हणजे माझा तो रागसुद्धा फुकट गेला. त्याचं आता मी काय करू, सांग.

पाचव्या दिवशी दुपारी तुझ्या सहा जणी आल्या. अ‍ॅपे रिक्षातून, अर्धा दिवस काम टाकून. आत आल्या नाहीत. ओट्याखाली अंगणात ओळीने बसल्या, पथारीवर बसतात तशाच. पुरुषमाणसं ओट्यावर खुर्च्यांवर होती, त्यांत पप्पाही. मम्मीने पाण्याचा तांब्या माझ्याकडे दिला. मी खाली मान घालून एकेकीला पाणी दिलं. मजूर हा शब्द मी बोलून बसले होते, आणि तो परत कसा घेतात हे कुठल्याच शाळेत शिकवलेलं नाही.

ओळीत चौथ्या होत्या ठगीबाई. तळोद्याच्या पलीकडे डोंगरातल्या, घरी भिली बोलणाऱ्या; हंगामाला येतात. त्यांनी पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "वही कोठे शे?"

"माझ्याकडे आहे. आणून देते, तुम्हाला हवी असेल तर."

"आमले नको. आमले पाठ शे." मग त्या म्हणाल्या, "इचारनारी गयी."

मला कळलं नाही. विमलताईंनी समजावलं, त्यांच्या त्या आवाजात, जो ओट्यावर सगळ्यांना ऐकू गेला. तुला एकटीला तेवढं सगळं लक्षात राहत नव्हतं. फोनवर मी सांगायचे आणि वहीत जागा सापडेपर्यंत मी पुढे गेलेली असायचे. म्हणून तू सहा जणींना सहा ओळी वाटून दिल्यास. पहिलीला ज, दुसरीला त्यु. ठगीबाई नू. विमलताईंच्या घरात चौदा माणसं म्हणून त्या गर्दीवाला इल. देठ खुडता खुडता तू क्रियापद पुकारायचीस, हात मझार घालावा तशी मधूनच कुणाचं तरी नाव घ्यायचीस, आणि तिने आपली ओळ सांगायची, म्हणजे संध्याकाळच्या फोनपर्यंत ती तुझ्या कानात बसलेली असायची. मी ओढून घेतली त्या दिवशी वहीतून तू जे वाचत होतीस, ते हेच होतं.

"ती सांगे," ठगीबाई म्हणाल्या, "पोरगीले बठ्ठं येस, पन तोंडमाईन निंघत नही. मी म्हनं, मन्हंबी तसंच. तळोदाले हापिसमा गऊ का मन्ही बोली तोंडमाच ऱ्हास. तव्हय ती म्हने, मंग बठ नू मा. आम्हीमा बठी का भ्या वाटत नही."

"आणि मी नापास झाले ते..." मी हळू आवाजात विचारलं.

"ते तिनी नही सांगं. परत परीक्षा शे, इतलंच सांगं. नापास तं तूच सांगं, वही वढी तव्हय."

फुई, सोळा दिवस. हे तुला एका वाक्यात सांगता आलं नसतं? एक रिंग देण्याऐवजी दोन दिल्या असत्यास, तर कदाचित मी चिडून उचलला असता. असो. तुला सांगण्यात अर्थ नाही, तू आता ऐकून घ्यायच्या पलीकडे गेली आहेस. तशी तू आधीही ऐकत नव्हतीस.

ओट्यावर पप्पा खुर्चीत पुढे सरकले होते. "परत म्हंजे? निकाल येवाना शे ना आजून?"

अंगणात आणि ओट्यावर मिळून पंचवीस-तीस माणसं होती. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी ओळखते तो क्षण. वरची पायरी.

"निकाल आला, पप्पा," मी म्हणाले. "दोन महिने झाले. तोंडी परीक्षेत मी नापास झाले. पुढच्या गुरुवारी परत आहे."

पप्पांनी तुझ्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इले माहीत व्हतं?"

"हो."

"मनमा म्हनंच मी," पप्पा स्वतःशीच म्हणाले, "हाई रोज सहा वाजता मन्हा फोन का काटस." तेही तुला सहालाच फोन करायचे, आणि तू बिझी असायचीस. हेही मला त्याच दिवशी कळलं.

त्या सहा जणी उठल्या नाहीत. पाणी पिऊन झालं होतं, बोलून झालं होतं, रिक्षावाला फाटकाशी उभा होता. तरी त्या बसून राहिल्या, हात मांडीवर. कामाशिवाय त्यांचे हात मी पहिल्यांदाच पाहत होते. बोटांची टोकं लाल होती, तुझी असायची तशी. त्या कशासाठी थांबल्या आहेत ते सगळ्या अंगणाला कळत होतं, आणि मला सगळ्यांत आधी कळलं होतं.

मी ओट्याच्या पायरीवर बसले. वही आणली नाही.

"फेर," मी म्हणाले.

"जोरमा बोल वं," विमलताई म्हणाल्या. "मांगे ऐकू येत नही."

"फेर!" माझा आवाज फाटका आला, पण आला. आणि पुढचं शाळेतल्या मराठीत निघालं नाही. "वरलं नको. मझारलं सांगा. ठगीबाई."

"नू फझों," ठगीबाई म्हणाल्या, मान वर करून.

"गर्दीवाला इल?"

"इल फों!" विमलताई एवढ्या जोरात म्हणाल्या की फाटकाशी उभा रिक्षावाला दचकला. ओट्यावर कुणीतरी खाकरलं. सुतकाच्या घरात हे काय चाललंय असं कुणाच्या तरी तोंडावर आलेलं मला दिसलं. पप्पांनी त्यांच्याकडे हात केला, राहू द्या म्हणून.

मी थांबले. का थांबले ते तुला कळेल. तुझं ते वाक्य आता कुणीतरी म्हणेल असं मला वाटलं. देखा वं, बोलता येस का नही इले. मी त्याची तयारी करून बसले होते. कुणीच म्हटलं नाही. ठगीबाई तुझ्या रिकाम्या दाराकडे पाहत होत्या. विमलताईंनी पदर तोंडाला लावला होता. ते वाक्य तुझं होतं, आणि तू ते सोबत घेऊन गेलीस.

मग मी पुढचं क्रियापद विचारलं.